गाठीच्या गोट्यातला समुद्र

त्या वर्षी शाळा सुटली की मी खोलीवर जात नसे. पिशवीत कोरे फॉर्म घ्यायचे आणि अंगणवाडीच्या ताईंच्या मागे चालू लागायचं. कापसाची ती वाईट वर्षं होती. सरकारला प्रत्येक शेतकरी घराची माहिती हवी होती आणि ती गोळा करायला शिक्षक, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका अशा जोड्या लावून दिल्या होत्या. मी मूळचा नेरचा. हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि बदली होऊन जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पैनगंगेला मिळणाऱ्या एका लहान नदीकाठच्या गावात येऊन पडलो होतो. बायको-मुली नेरलाच होत्या. गावानं मला परकं धरलं नव्हतं, पण आपलंही म्हटलं नव्हतं.

ताई पन्नाशीच्या. माहेर त्याच गावचं, सासरही त्याच गावचं. दारं उघडायची ती त्यांच्यामुळे. माझं काम फक्त लिहायचं. फॉर्मात पानंच्या पानं प्रश्न असत. घरात आजारी कोण, लग्नाची मुलगी आहे का, वावराला पाणी कुठून. एक प्रश्न असा होता, की घरातला कोणी माणूस निराश दिसतो का. तो मला मोठ्यानं वाचवत नसे. ताई तो आपल्या पद्धतीनं विचारायच्या, घरच्या बाईला चुलीपाशी गाठून. "काय वं, हे बोलते ना घरात? जेवते ना पोटभर?" बाई मान हलवायची, आणि मी त्या प्रश्नापुढे "नाही" अशी खूण करायचो. बाहेर बाजेवर बसलेला माणूस आमच्याकडे पाहत असायचा. दिवसाला आठ-दहा घरं झाली की माझा आवाज बसायचा. नंतर नंतर समोरचा काय सांगतो ते कानात शिरायच्या आधीच हात लिहून मोकळा व्हायचा. याची मला भीती वाटू लागली होती.

नदीच्या पलीकडे कोलामांचा पोड होता, वीस-बावीस घरांची वस्ती. तिकडे जायला पूल नव्हता. नदीचं पात्र एका ठिकाणी सगळं दगडाचंच होतं, सपाट, करड्या रंगाच्या लाद्या घातल्यासारखं. मार्चात पाणी फक्त डोहांत उरायचं. मग त्या दगडावरून चालत पलीकडे जाता यायचं. एका दुपारी पोडावरून परतताना आम्ही तिथेच भाकर खायला बसलो. ताईंचे गुडघे दुखत होते. त्यांनी पाय लांब केले, बाटलीचं झाकण काढताना थोडं पाणी सांडलं, आणि ज्या दगडावर ते सांडलं तिथे रेघा उमटल्या. गोल, एकात एक, पत्ताकोबी आडवी कापावी तशा. पाणी सुकलं तशा त्या पुसट होत गेल्या.

मी बाटली घेतली आणि आणखी थोडं पाणी ओतलं. शेजारी तसंच दुसरं वर्तुळ होतं. त्याच्या पलीकडे तिसरं.

"ताई, हे काय आहे?"

"गाठीचा गोटा," त्या भाकर मोडता मोडता म्हणाल्या. "माहा बाप सांगते, याचा चुना नाई होत म्हणून. पानी नका सांडवू सर, प्यायले तेवढंच आहे."

मला तेव्हा एक वेगळाच नाद होता, तो सांगितला पाहिजे. गावाजवळच्या काठावर वाळू-गोटे घट्ट होऊन दगडासारखे झाले होते आणि त्यांत लहान लहान शंख रुतलेले सापडायचे. ते मी खिळ्यानं मोकळे करून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचो. माझी पक्की समजूत होती की हे समुद्रातले शंख आहेत. आठवीच्या वर्गात मी तसं सांगूनही टाकलं होतं. सर्व्हेच्या दिवसांत तो डबा हीच माझी एक करमणूक होती.

शंखांबद्दल विचारावं म्हणून मी यवतमाळला एका निवृत्त प्राध्यापकांना पत्र लिहिलं. मी बी.एस्सी.ला असताना ते आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. तो माझा विषय नव्हता, पण एकदा त्यांच्या सहलीत मी गेलो होतो. पत्रात दोन पानं शंखांवर लिहिली आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून, दगडातल्या गोल रेघांचं एक वाक्य आणि पेन्सिलीनं काढलेलं एक चित्र.

आठवड्याभरात उत्तर आलं. शंखांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. सगळे प्रश्न रेघांचे. वर्तुळं केवढी आहेत, हाताच्या वितीनं मोजा. दगड बाजूनं तुटलेला दिसतो अशी जागा शोधा आणि तिथे त्या रेघा वरच्या बाजूला फुगलेल्या आहेत की खालच्या, ते पाहा. शाळेत हायड्रोक्लोरिक आम्ल असेल तर पाण्यात पातळ करून एक थेंब टाका, फसफसतं का सांगा. शेवटी खाली रेघ मारून लिहिलं होतं: काहीही फोडू नका.

आमच्या प्रयोगशाळेत म्हणजे एका कपाटात आम्लाची अर्धी बाटली होती. रविवारी मी ती घेऊन नदीवर गेलो. आधी गावातला काळा दगड पाहिला होता, त्यावर थेंब नुसता पसरला. या करड्या दगडावर मात्र थेंब पडताच फेस आला, बारीक आवाज करत. चुनखडी होती. डोहाच्या कडेला लादी तुटलेली होती. तिथे खाली वाकून पाहिलं तर रेघा बाजूनं दिसल्या: एकावर एक ठेवलेल्या उपड्या वाट्या. सगळ्या वरच्या बाजूला फुगलेल्या.

मी परत येऊन ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माह्या बापाले विचारा ना. त्यानं जिंदगीभर तोच गोटा फोडला."

ताईंचे वडील, गाव त्यांना आबाजी म्हणायचं, ऐंशीच्या आसपासचे असतील. पूर्वी नदीकाठी त्यांची चुन्याची भट्टी होती. नदीतला दगड फोडायचा, खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि लाकडं घालून भाजायचा, पाणी मारून चुना करायचा. आजूबाजूच्या गावांच्या भिंती त्या चुन्यानं रंगायच्या, तंबाखूत तोच मळला जायचा. मग डबीतला चुना आला, भिंतींना डिस्टेंपर आला आणि भट्टी विझली ती विझली. मी गेलो तेव्हा ते दारात बसून दोरी वळत होते.

"गाठीचा गोटा भट्टीत नाई टाकाचा," त्यांनी मला सांगितलं. "वरून चांगला दिसते, पण आत गाठ असते. ते गाठ भाजत नाई. तडतड करून उडते. माहा हात पाह्यता का?" मनगटावर जुना डाग होता. "साधा गोटा आन् गाठीचा गोटा, मी डोळे झाकून सांगतो. हातानं समजते."

हे सगळं मी प्राध्यापकांना कळवलं. त्यांनी उत्तर लिहिलं नाही. ते स्वतःच आले.

सकाळच्या एसटीतून ते उतरले तेव्हा मला क्षणभर ओळखू आले नाहीत. खूप वाळले होते, हातात काठी, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते. "घरी सांगितलं नाही," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर सोडलं नसतं." एसटीत त्यांना बसायला जागा मिळाली नव्हती. नदीपर्यंतचं अंतर आम्ही तीनदा थांबत चाललो. ताई आणि आबाजी आधीच येऊन बसले होते.

उन्हात त्यांना नीट दिसत नव्हतं. ते दगडावर गुडघे टेकून बसले आणि तळहातानं चाचपू लागले. आबाजी थोडा वेळ पाहत राहिले, मग त्यांच्याजवळ सरकले, त्यांचा हात धरला आणि हातभर डावीकडे नेऊन ठेवला.

"इथी पाहा साहेब. हा फुगार लागते ना? आता इथून खाली उतरते. आता मंग दुसरा लागते."

दोन म्हातारे असे ओणवे होऊन पात्र चाचपत पुढे पुढे गेले. मी मागून पाणी ओतत होतो आणि ताई टेप धरत होत्या. तासाभरानं प्राध्यापक उठून बसले. चष्मा काढून डोळ्यांतलं पाणी पुसलं. ते डोळ्यांचं दुखणं होतं, की आणखी काही, मी विचारलं नाही.

"गुरुजी," ते मला म्हणाले, "हा समुद्राचा तळ आहे. उथळ समुद्र होता इथं. पाण्यात शेवाळासारखे बारीक जिवाणू पातळ थर धरायचे. त्यावर गाळ बसला की ते वर सरकायचे आणि नवा थर धरायचे. उन्हाकडे जायचे, परत गाळ, परत थर. त्याचे हे घुमट झाले. ही एकेक रेघ म्हणजे तो एकेक थर."

मी पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला. त्यांनी एक शंख डोळ्यांजवळ नेला, बोटांत फिरवला.

"हे गोड्या पाण्यातले. याच नदीचे. दिसायला जुने, पण फार तर काही हजार वर्षांचे असतील, या दगडापुढे कालचेच." माझा चेहरा त्यांना दिसला असावा. "त्या समुद्रात शंख नव्हते हो. शिंपले नव्हते, मासे नव्हते. काहीच झालं नव्हतं अजून. नुसतं हे होतं."

आठवीच्या वर्गात मी जे सांगितलं होतं ते आठवून मला शरम वाटली. पुढच्याच सोमवारी मी मुलांना सांगितलं की माझं चुकलं होतं. त्यांना त्याचं फार काही वाटलं नाही.

आबाजींनी मात्र तिथेच नदीत विचारलं, "समुद्र होता, तं मंग त्याचं पानी कुठी गेलं?"

"हटत गेलं," प्राध्यापक म्हणाले. "जमीन वर आली, पाणी मागे गेलं. फार हळू. कोणाला कळलं नसतं इतकं हळू."

आबाजी सुकलेल्या पात्राकडे पाहत राहिले. "आमाले तं समजते," ते म्हणाले.

सर्व्हे उन्हाळ्यात संपला. फॉर्मांचे गठ्ठे तालुक्याला गेले, आणि त्यांचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. ज्या घरांत मी "नाही" अशी खूण केली होती त्यांतल्या एका घरचा माणूस पावसाळ्यापूर्वी गेला. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही. तो बाजेवरून आमच्याकडे पाहत होता, एवढंच मला आठवतं.

त्यानंतरच्या वर्षी मदतीच्या कामांमध्ये आमच्या गावाला बंधारा मंजूर झाला. गाव खूश होतं. जागा ठरली ती नेमकी दगडी पात्राची, कारण तिथे खोल पाया खोदायला नको, खडक वरच आहे. मी प्राध्यापकांना फोन केला. त्यांनी सांगितलं की अर्ज करा, ग्रामसभेत मांडा, बंधारा दोन-तीनशे फूट खाली सरकवला तरी काम भागेल. मी अर्ज लिहिला. स्वच्छ अक्षरात, दोन प्रती. सभेला जाताना तो शर्टाच्या खिशात होता.

सभा शाळेच्याच पटांगणात होती. कामावरचे इंजिनिअर आले होते, तरुण, घाईत. बाया पुढे बसल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं उभं राहून सांगितलं की उन्हाळ्यात गुरांना पाणी पाजायला किती लांब जावं लागतं, आणि टाळ्या पडल्या. मी खिशाला हात लावला आणि काढून घेतला. पाण्याच्या गोष्टीत आता मी दगडांची गोष्ट काढायची?

तेवढ्यात मागून आबाजी उभे राहिले.

"साहेब, त्या जाग्यावर नका बांधू. तो चुन्याचा गोटा आहे. आतून पोकळ असते. मी फोडला आहे, मले माहीत आहे. पानी नाई थांबत त्यात."

"आबाजी, तुम्ही चुना भाजा," इंजिनिअर हसून म्हणाले, "बंधारा आम्ही बांधतो."

सभा हसली. वाईट हसणं नव्हतं ते, लोक आबाजींना ओळखत होते म्हणून हसले. आबाजी उभेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं की ते बरोबर बोलत आहेत. तुटलेल्या लादीखाली मी स्वतः हात जाईल एवढी भोकं पाहिली होती. आम्लाचा थेंब त्या दगडाला कसा खातो ते पाहिलं होतं. पावसाचं पाणीही तेच करतं, फक्त सावकाश. हे तर माझ्या पुस्तकातलं होतं. दोन वाक्यं बोलायची होती, तीही दगडांसाठी नाही, पाण्यासाठीच. मी बसून राहिलो. आबाजी खाली बसले. ठराव झाला.

घरी जाताना ताई बरोबर होत्या. वाटेत म्हणाल्या, "तुमी काहून नाई बोलले, सर?"

"थकलो हो ताई," मी म्हणालो. ते खरंही होतं.

"थकले तं आमीबी आहो," त्या म्हणाल्या आणि आपल्या गल्लीकडे वळल्या.

प्राध्यापकांना मी फोनवर सगळं सांगितलं, न बोलल्याचंही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "भिंत खडकात बसवायला सुरुंग लावतील. तुकडे उडतील, त्यांतले चांगले उचलून ठेवा. पण उचलण्याआधी वरची बाजू कुठली ते रंगानं लिहा. वर-खाली गेलं की मग तो नुसता दगड."

सुरुंग लागले त्या दिवसांत शाळेची तावदानं थरथरायची. मधल्या सुट्टीत मी पिवळ्या ऑइलपेंटची डबी आणि ब्रश घेऊन जायचो. मजूर मला वेडा समजले असतील. उडालेल्या दगडांची वरची बाजू मला ओळखू येत नव्हती. आबाजी यायचे, हात फिरवायचे आणि सांगायचे, "हे वरतं." मी तिथे पिवळा बाण काढायचो. सभेबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. एकदा तरी बोलले असते तर बरं झालं असतं.

बंधारा पावसाळ्यात काठोकाठ भरला. सरपंचांनी नारळ फोडला. दिवाळीपर्यंत पाणी निम्म्यावर आलं, आणि कापसाची शेवटची वेचणी आली तोवर पुन्हा डोह तेवढे उरले. खालच्या अंगाला, बंधाऱ्यापासून दूर, एका वावरात ओल दिसायची, तिथे थोडे दिवस गवत हिरवं राहिलं. इंजिनिअरांची तोवर बदली झाली होती. गळती बंद करायला दोनदा सिमेंट ओतलं, पण पाणी कुठून जातं ते कोणाला सापडलं नाही.

सात तुकडे मी जपले होते. त्यांतला सगळ्यांत चांगला मी पोत्यात बांधून एसटीनं यवतमाळला नेला. शहराला लागूनच लोहाऱ्याला एमआयडीसीत फरशी कापणारा एक कारखाना होता. प्राध्यापक तिथे माझी वाट पाहत होते. कापणारा म्हणाला, असल्या वेड्यावाकड्या दगडानं पातं जाईल. प्राध्यापकांनी त्याला समजावलं, तिथेच स्टुलावर बसून चहा पाजला. शेवटी त्यानं कापला. पाण्याच्या धारेखाली दगड दोन झाला आणि आतला भाग दिसला. निळसर करड्या रंगात शंभर तरी रेघा, कुठे दाट, कुठे विरळ, सगळ्या वर चढत गेलेल्या. कापणारा यंत्र बंद करून पाहत राहिला. "कोणी काढलं हे?" त्यानं विचारलं.

एक अर्धा प्राध्यापकांनी पक्की ओळख पटवायला विद्यापीठातल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे पाठवला. दुसरा मी गावी आणला आणि आबाजींना दाखवला. त्यांनी कापलेल्या बाजूवर अंगठा फिरवला, मग जीभ लावली.

"खारं नाई लागत."

"मीठ केव्हाच धुऊन गेलं आबाजी."

"हं." त्यांनी दगड मला परत दिला. "कापला चांगला."

विद्यापीठाचा निकाल यायला पुढचा उन्हाळा उजाडला. प्राध्यापकांचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं, अक्षर आता फार हललेलं. दगडाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. घुमट समुद्रातलेच, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातले, यात शंका राहिली नव्हती. मूळ जागेवरचे घुमट मोजता आले असते तर आणखी बरंच सांगता आलं असतं, असंही त्यांनी लिहिलं होतं. त्यात मला बोल लावलेला नव्हता. मी ते वाक्य तीन-चारदा वाचलं.

स्टाफरूममध्ये दोघं जण होते, एक पेपर तपासत होता, दुसरा डोकं टेबलावर ठेवून झोपला होता. मी पत्र घेऊन अंगणवाडीत गेलो. ताई एकट्याच होत्या, मदतनीस बाई आली नव्हती. वजनकाटा आढ्याला टांगलेला, सात-आठ बाया मुलं घेऊन भिंतीशी बसलेल्या, आणि ताई एका हातानं रजिस्टर धरून दुसऱ्या हातानं एका लहान मुलीला झोळीत बसवायचा प्रयत्न करत होत्या. मुलगी पाय झाडत रडत होती.

"ताई, पत्र आलं," मी म्हणालो. "समुद्राचेच आहेत ते. नक्की झालं."

"झालं ना?" त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "बरं झालं. बाबाले सांगतो संध्याकाळी." मग रजिस्टर खाली ठेवत म्हणाल्या, "आता हिले धरा जरा. काटा हालून राह्यला, मले आकडा नाई दिसत."

मी पत्र खिशात घातलं आणि मुलीचे पाय धरले. ती रडायची थांबली नाही. काटा मात्र हळूहळू स्थिर झाला.